निरुत्तर केलंस, पटवलं नाहीस

काकाजी, नमस्कार.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात. साडेसहा एकर शेती, त्यातली चार एकर पऱ्हाटी म्हणजे कपाशी, एक विहीर. मी बी.एस्सी. कृषी करून यंदा घरीच आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. बाबा दरवर्षी फरदड घेतात. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची सोडून तिला पाणी अन् युरिया देतात आणि मार्चपर्यंत उरलंसुरलं वेचतात. मी दोन वर्षांपासून सांगते, गुलाबी बोंडअळी यानंच टिकते, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, हरभरा पेरा. बाबांचं ठरलेलं उत्तर : "दोन बुकं शिकली तं बापाले शेती शिकवाले लागली." मग सबबी चालू. म्हणे डिसेंबरात हरभरा होत नसते, म्हणे धुऱ्यापल्याडच्यानं (बांधापलीकडच्या शेजाऱ्यानं) ठेवली तं आपून उपटून काय फायदा, म्हणे फरदडीचा पैसा हातखर्चाले येते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मोठे बाबा आणि गावातले चार जण छपरीत चहाला बसले होते. विषय निघाला. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवले, आकडे सांगितले. कृषी केंद्रवाला तुम्हाला फसवतो, असं म्हटलं. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं मेली, तुम्हालाही तसंच मरायचं आहे का, असंही म्हटलं. शेवटी विचारलं, मागच्या वर्षी फरदडीचा कापूस कवडी, म्हणजे किडका-डागी, निघाला म्हणून तुम्हीच कपाळाला हात लावून बसले होते ना? सगळे हसले. मोठे बाबा म्हणाले, "पोरीनं बापाले निरुत्तर केलं." बाबा दुपट्टा झटकून उठले. दुसऱ्या दिवशी युरियाच्या दोन बॅगा आणून टाकल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

मैत्रीण म्हणते, मुद्द्यानं माणूस बदलत नसते, दोन दिवस जेवू नको, रडून दाखव, बाप आपोआप नरम होते. काकाजी, बरोबर असूनही पटवता येत नसेल तर मुद्देसूद बोलण्याला अर्थ काय? की मैत्रिणीचं ऐकू?

– एक मुलगी, यवतमाळ जिल्हा

पोरी,

त्या युरियाच्या दोन बॅगांपासूनच सुरू करू. दिवाळीनंतर लगेच फरदडीच्या खताची कोणालाच घाई नसते. अजून पहिले वेचे चालू असतात, मजूर शोधता शोधता जीव जातो. तरी बाबा सकाळी उठून गेले, हातचे पैसे मोडले आणि बॅगा आणून टाकल्या. आदल्या संध्याकाळचं उत्तर होतं ते. तोंडानं देता आलं नाही, म्हणून बॅगांनी दिलं. तोवर फरदड सोडणं म्हणजे दोन-चार क्विंटल कापूस सोडणं होतं. त्या संध्याकाळनंतर फरदड सोडणं म्हणजे चार माणसांसमोर पोरीपुढं हरणं झालं. बाबांना मागं फिरणं तू महाग करून ठेवलंस.

छपरीत झालं ते पोळ्याच्या तोरणाखाली झडती, म्हणजे चिमटे काढणारं कवन, म्हणावी तसं झालं. झडती म्हणणाऱ्याला समोरच्या पाटलाचं मन वळवायचं नसतं, त्याला तोरणाखाली उभ्या असलेल्या गर्दीची वाहवा हवी असते. झडती झणझणीत असावी, त्यात काही वावगं नाही. पण पोळा फुटला की ज्याच्यावर झडती म्हटली तो सुधारून घरी गेला, असं कोणी ऐकलं आहे का? तुलाही वाहवा मिळालीच. मोठ्या बाबांनी दिली.

आपल्या जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, गौतम ऋषींनी बोलाचालीचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. दोघांनाही खरं काय ते शोधायचं आहे आणि त्यासाठी पुराव्यानं बोलणं चाललं आहे, तो वाद. जिंकायचंच आहे, मग शब्दात पकडणं, कोंडीत धरणं सगळं चालतं, तो जल्प. आणि स्वतःचं म्हणणं काही नाही, दुसऱ्याचं तेवढं मोडायचं, ती वितंडा. तू वाद करायला बसलीस आणि जल्प करून उठलीस. 'तुम्हीच कपाळाला हात लावून बसले होते ना' हे खरं असेल, पण ते तू कापसाबद्दल काही कळावं म्हणून विचारलं नाहीस, बाबांची बोलती बंद व्हावी म्हणून विचारलंस. बाबांचं 'दोन बुकं शिकली' हा तर मुद्दाच नाही. वय हा पुरावा होत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. फक्त ते सांगणारी तू नकोस.

आता तुझ्या पत्रातला मला खटकलेला शब्द : सबबी. बाबांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही तू त्या एका शब्दात गुंडाळल्यास. मी त्या सुट्या करून पाहिल्या. तिन्ही चांगल्या मजबूत आहेत. आपल्या पंडितांची एक शिस्त होती : आधी पूर्वपक्ष मांडायचा. समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं की त्यानं म्हणावं, हो, हेच म्हणतो मी. मग स्वतःचं तोंड उघडायचं. दोन वर्षांत तू हे एकदाही केलेलं दिसत नाही. तू अळीवर बोलत राहिलीस. अळी आहे, हे बाबांना मान्यच आहे, कवडी कापूस त्यांनीच विकला. भांडण अळीवर नाहीच मुळी. भांडण कशावर आहे ते न बघता तू अळीचे व्हिडिओ दाखवत सुटलीस.

हरभऱ्याचंच घे. इथं बाबा सरळसरळ बरोबर आहेत आणि तू, कृषी पदवीधर, चूक आहेस. ओलिताच्या हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फार तर नोव्हेंबरच्या दहा तारखेपर्यंत. उशिरा म्हणून कोणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ओढतं आणि उतारा कमी घेतं. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढायची, रान तयार करायचं आणि मग हरभरा पेरायचा म्हटलं तर जानेवारी उजाडतो. थंडी निसटते आणि घाटे भरायच्या वेळी ऊन तापतं. हे तुला वर्गात शिकवलं असणार. पण एकदा बाजू घेतली की आपल्याच बाजूचा कच्चा मुद्दा आपल्याला दिसत नाही. बाबांना तो दिसला. त्यांनी सांगितला. तू त्याला सबब म्हणालीस. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं असेल? 'हिले हरभऱ्याचा हंगाम माहीत नाही अन् अळीचं ग्यान सांगते.' तिथून पुढं तुझं खरं बोलणंही त्यांच्या कानात शिरलं नाही.

म्हणून पहिलं काम हे. बाबांकडं जा आणि म्हण, "हरभऱ्याचं तुमचं बरोबर होतं." एवढंच. पुढं 'पण' लावू नकोस. एक-दोन दिवस जाऊ दे. मग विचार की जानेवारीत शेत मोकळं झालं तर त्यात दुसरं काय येईल. उन्हाळी तीळ जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरतात, भुईमूग जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. भुईमुगाला बियाणं महाग आणि पाणी जास्त, तिळाचं त्यामानानं हलकं. पण तुमची विहीर मार्च-एप्रिलमध्ये किती वेळ चालते, रात्रीची लाईन आली तर पाणी द्यायला कोण जाईल, रानडुकरं भुईमूग ठेवतील का, हे तुला पुस्तकातून कळणार नाही. ते बाबांना ठाऊक आहे. तिथं तुला खरोखरच त्यांना विचारावं लागेल, आणि आपल्याला खरंच विचारलं जातंय हे माणसाला बरोबर कळतं. कदाचित ते म्हणतील, चार एकरांत नाही होत, एक एकर तीळ पाहू अन् बाकी रान नांगरून उन्हात तापू देऊ. हे ना तुझं मूळ म्हणणं, ना त्यांचं. नीट वाद झाला की असं तिसरंच काही हाती लागतं आणि ते बहुतेक वेळा दोघांच्या आधीच्या म्हणण्यापेक्षा शहाणं असतं.

पैशाचा मुद्दा सगळ्यात जड, आणि त्याला तू हातच लावला नाहीस. फरदडीत नवं बियाणं नाही, नवी पेरणी नाही. जे उभं आहे त्याला पाणी द्यायचं आणि जानेवारी ते मार्च थोडाथोडा पैसा येत राहतो. ३१ मार्चच्या आत पीककर्ज फिरवायचं असतं, किराण्याचं देणं असतं, तुझ्या परीक्षेचे फॉर्मही त्यातच भरले जात असतील. उलट पऱ्हाटी उपटायला मजुरी आज लागते आणि तिळाचा पैसा मे-जूनमध्ये. याला उत्तर म्हणून अळीचं जीवनचक्र सांगून काय होणार? वही घे. मागच्या वर्षीच्या फरदडीचा हिशेब मांड. युरिया किती, फवारण्या किती आणि प्रत्येकीचं औषध कितीचं, वेचाईचा किलोमागं दर काय होता (फरदडीचं बोंड लहान, म्हणून मजूर जास्त मागतात), कापूस किती निघाला, त्यातला कवडी किती आणि त्याला भाव किती तुटला. हे सगळे आकडे बाबांच्या तोंडचे हवेत, तुझ्या व्हिडिओतले नकोत. माणूस स्वतः सांगितलेल्या आकड्याशी भांडत नाही. आणि बेरीज झाली की तू निकाल सांगू नकोस, वही त्यांच्याकडं सरकव. बेरीज फरदडीच्या बाजूनं आली तर? तर तुझ्या म्हणण्यातला पैशाचा भाग पडला. तो सोडून द्यावा लागेल आणि उरलेल्यावर बोलावं लागेल. हे जमणार नसेल तर वही उघडूच नकोस.

आता पुराव्याकडं येऊ. तू दाखवलेले व्हिडिओ दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातले. न्यायशास्त्रात दृष्टान्त कशाला म्हणतात, ते मला फार आवडतं : ज्या गोष्टीबद्दल साधा माणूस आणि जाणकार या दोघांची बुद्धी सारखीच चालते, ती गोष्ट. तुझ्यासाठी व्हिडिओ पुरावा आहे, बाबांसाठी मोबाइलवरचा माणूस. दोघांनाही सारखंच दिसेल असं काही हवं, आणि ते तुमच्याच पऱ्हाटीवर लटकलेलं आहे. सकाळी बाबा शेतात निघाले की बरोबर जा. शेतात तिरपं चालत, न निवडता, वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडा. बांधावर बसून एकेक फोडा. बाबांनी फोडावीत, तू नाही. बाहेरून बोंड कोरं दिसतं, भोक नाही, डाग नाही. अंगठ्यानं शिवण उकलली की आतल्या एखाद्या कप्प्यात सरकी पोखरलेली, रुई पिवळट पडून चिकटलेली आणि तिथंच गुलाबी पट्ट्यांची अळी वळवळताना दिसते. हंगामाच्या शेवटाकडं दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या मध्ये अळी सुस्त पडलेली सापडते. ती तिथं जूनपर्यंत झोपू शकते. फरदडीनं तिला जागा आणि खाणं दोन्ही पुरवलं, हे त्या जोडसरकीकडं बोट दाखवून सांगता येतं. शास्त्रज्ञांनी फवारणी ठरवण्यासाठी दिलेली मर्यादा शंभरात दहा बोंडं, म्हणजे विसात दोन. फरदड ठेवायची की नाही हे एवढ्यावरच ठरत नाही, पण बोलायला दोघांसमोर एक आकडा येतो.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, बोंडं फोडायच्या आधीच दोघांनी ठरवा. किती निघाली तर बाबा म्हणतील, हो, यंदा उपटू? आणि किती निघाली तर तू म्हणशील, बरं, यंदा राहू द्या? तुझा आकडा तुझ्याकडं नसेल, कितीही निघाली तरी तुझं म्हणणं तेच राहणार असेल, तर तू वाद करायला चाललीच नाहीस. मग बाबांनी तरी का बदलावं?

छपरीत बोललेल्या दोन गोष्टींबद्दल थोडं कडक बोलतो. 'कृषी केंद्रवाला फसवतो.' त्याला औषध विकायचं आहे हे खरं, म्हणून त्याचं म्हणणं तपासून घ्यावं, इथपर्यंत ठीक. पण विकणाऱ्याचा फायदा आहे म्हणजे त्याचं प्रत्येक म्हणणं खोटं, असं ठरत नाही. शिवाय तो उधारी देतो. अडल्या वेळी ज्यानं माल दिला त्याला चार माणसांत चोर म्हटलं की बाबांना त्याची बाजू घ्यावीच लागते. त्यांच्यावर ती पाळी तू आणलीस. दुसरं २०१७ चं. आपल्या जिल्ह्यात त्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते, आणि त्याच वर्षी गुलाबी अळीनंही कापूस खाल्ला. खरी गोष्ट. पण त्यावरून निघतं काय? तोंडाला मास्क, हातात मोजे, वाऱ्याच्या उलट फवारायचं नाही, दोन-तीन औषधं मनानं मिसळायची नाहीत, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत शिरून फवारायचं नाही. फरदड गेली तर फवारण्या कमी होतील, हा धागा आहे, पण तो तू जोडून दाखवला नाहीस. सरळ 'तुम्हालाही मरायचं आहे का' इथं उडी मारलीस. मुद्दा खरा असला तरी तो निष्कर्षाला जोडलेला नसला तर ऐकणाऱ्याच्या हाती फक्त भीती लागते, आणि भ्यालेला माणूस विचार करत नाही, चिडतो.

यातच तुझ्या मैत्रिणीलाही उत्तर आहे. दोन दिवस न जेवता बसलीस तर बाप हलेल, मला शंका नाही. पण तो हलला अळीमुळं, की तुझ्या उपाशी पोटामुळं? पुढच्या वर्षी पुन्हा उपाशी बसशील? आणि उद्या तुझ्याच लग्नाच्या गोष्टीत आईनं जेवण सोडलं तर तू कोणत्या तोंडानं म्हणशील की मुद्द्यावर बोला? हे हत्यार ज्या घरात एकदा निघालं तिथं ते सगळ्यांच्याच हाती जातं. काळजी वाटते ती मात्र सांग. बाबा पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरतात तेव्हा मले भेव वाटते, हे त्यांना एकट्याला, हळू, एकदा सांगितलंस तर त्यात खोट नाही. ती भीती खरी आहे. वापरायसाठी काढलेली नाही.

तिसरा मुद्दा धुऱ्यापल्याडचा. बाबा म्हणतात, बाजूच्यानं ठेवली तर आपण उपटून काय फायदा. शास्त्रही थोडंफार हेच म्हणतं. पतंग धुरा पाहून उडत नाही. चार-पाच महिने त्या पट्ट्यात कापूसच नसला तर अळीची साखळी तुटते, एका घरानं उपटून तिला थोडीच खीळ बसते. म्हणजे खरं बोलणं गावाशी आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुला माहीत असेल, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळालेलं गोंडांचं गाव. तिथं ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकाचंही पटलं नसेल तर विषय पुढं ढकलतात, अभ्यास गटात पुन्हा बसतात. वेळ लागतो, कंटाळाही येत असणार. पण हात वर करून हरवलेला माणूस घरी जाऊन युरियाच्या बॅगा आणतो, तसं तिथं होत नाही. तुमच्या गावात लगेच हे होईल असं मी म्हणत नाही. धुऱ्याला लागून असलेल्या दोन-तीन घरांपर्यंत गेलात तरी पुष्कळ झालं. आणि तिथं बोलायला बाबा पाहिजेत, तू नाही. बाजूच्या शेतातला माणूस बाबांचं ऐकेल.

पटवायची कला आपल्या मातीत कमी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनातही सांगणं कमी, विचारणं जास्त. कर्ज काढून सण करावा का, नवसाला बकरं कापावं का, दारूनं कोणाचं भलं झालं? उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. लोक त्या उत्तराला बांधले जायचे, कारण ते त्यांचंच होतं. तू म्हणशील, मीही विचारलंच की बाबांना. विचारलंस, पण उत्तर आधीच माहीत असलेलं आणि हसवण्यासाठी. आणि खराट्याचा भागही विसरू नकोस. यंदा तू किती दिवस वेचायला गेलीस, पत्रात लिहिलं नाहीस. जात असशील तर उत्तम. नसशील तर परीक्षेचा अभ्यास चार दिवस बाजूला ठेव, कमरेला ओटी बांध आणि जा. बोंडअळीवरचं बोलणं तिथं आपसूक निघेल.

छपरीतलं राहिलं. चार माणसांत जे झालं ते बंद खोलीत माफी मागून फिटणार नाही. मोठे बाबा पुन्हा चहाला आले आणि त्यांनी तो विषय काढला (काढतीलच, त्यांना मजा आली आहे), तर सगळ्यांसमोर एवढंच म्हण : "हरभऱ्याच्या हंगामात मीच चुकली होती, बाबांनी सांगितलं ते बरोबर." बाबांकडं पाहू नकोस, चहा देऊन आत जा.

हे सगळं करूनही बाबा फरदड ठेवतीलच, असं होऊ शकतं. सातबारा त्यांच्या नावावर, कर्ज त्यांच्या नावावर, निर्णय त्यांचा. मग एक एकर माग. चारातला एक एकर यंदा मोकळा करू द्या, तिथं तीळ लावू, उरलेल्या तीन एकरांत तुमची फरदड. दोन्हीकडचा खर्च आणि आलेला पैसा त्याच वहीत लिही, हातचं न राखता, तिळाला पाणी कमी पडलं तर तेही. पुढच्या दिवाळीत बोलायला तुमच्या घरचाच हिशेब असेल. आणि युरियाच्या त्या बॅगांबद्दल चकार शब्द काढू नकोस, तिळालाही नत्र लागतंच.

तुझा,
काकाजी